काँक्रीटची तहान

बदलीचा हुकूम हाती पडला म्हणजे आम्ही केंद्र सरकारचे नोकर नव्या गावाविषयी दोन प्रश्न हटकून विचारतो : मुलांच्या शाळेचे काय, आणि क्वार्टर कितव्या मजल्यावर मिळेल? दुसऱ्या प्रश्नाचे मर्म ज्याला कळत नसेल त्याने दिल्ली, बिकानेर किंवा जोधपूर येथे अगदी वरच्या मजल्यावर एक मे महिना काढून पाहावा. दिवसभर तापलेला स्लॅब दिवेलागणीपासून आपली उष्णता खोलीत सोडू लागतो आणि पंखा ती केवळ ढवळीत राहतो. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांहून उंच असलेल्या बंगळुरास आलो तेव्हा ही पीडा संपली असे आम्हांस वाटले होते. परंतु २४ एप्रिल २०१६ रोजी या शहराच्या तापमानाने ३९.२ अंश गाठले होते, हे ध्यानी घेता तो भरवसाही आता पुरता उरलेला नाही.

या विषयाकडे आम्ही वळलो त्याला निमित्त झाले आमच्या कचेरीतील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे. निवृत्तीला थोडे दिवस राहिले असताना त्यांनी आम्हांस विचारले, "सोलापूरकडचे आमचे माळवदाचे घर पाडून स्लॅब टाकावा म्हणतो. तुमचे मत काय?" आमचे मत शून्य होते. आम्ही पदवीधर खरे, पण इतिहासाचे. तेव्हा आम्ही इतिहासालाच विचारावयाचे ठरविले आणि शोधता शोधता याच शहरातील एका जुन्या सरकारी नोकरापाशी येऊन पोचलो.

त्यांचे नाव ओटो कोनिग्सबर्गर. जन्म १९०८ चा, बर्लिनचा. हिटलर सत्तेवर येताच, यहुदी म्हणून, १९३३ साली त्यांची सरकारी नोकरी गेली. मग काही वर्षे ते ईजिप्तमध्ये पुराणवास्तुसंशोधक लुडविग बोरखार्ट यांच्या हाताखाली होते. वाळवंटातल्या माणसाने उन्हापासून स्वतःस कसे वाचविले, हे त्यांना तेथे जवळून पाहावयास मिळाले असले पाहिजे. प्रसिद्ध पदार्थविज्ञानवेत्ते माक्स बोर्न हे त्यांचे मामा. सर सी. व्ही. रामन यांच्या निमंत्रणावरून बोर्न १९३५-३६ मध्ये काही महिने बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राहून गेले होते. भाचा १९३९ मध्ये येथे आला तो म्हैसूर संस्थानचा वास्तुविशारद म्हणून. दिवाण होते सर मिर्झा इस्माईल. बसवनगुडीतील कृष्णराव उद्यानातला मंडप आणि विज्ञान संस्थेतील विमानविद्या, धातुशास्त्र इत्यादी विभागांच्या इमारती ही त्यांची कामे. महायुद्धामुळे सिमेंट आणि पोलाद दुर्मिळ झाले होते. जे हाताशी आहे त्यातून बांधावयाचे आणि वारा व सावली यांना आधी विचारावयाचे, हा धडा त्यांना बंगळूरने दिला असे म्हणावयास हरकत नाही.

पुढे त्यांची, आमच्याच भाषेत सांगावयाचे तर, दिल्लीस बदली झाली. १९४८ साली ते भारत सरकारचे गृहनिर्माण संचालक झाले. फाळणीने बेघर झालेली लाखो माणसे राजधानीत आणि तिच्या आसपास तंबूंत, किल्ल्यांत, धर्मशाळांत दिवस काढीत होती. विटेवर वीट रचून एवढी घरे वेळेत उभी राहणार नव्हती. म्हणून हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे फलक कारखान्यात तयार करून जागेवर जोडावयाचे, अशी योजना निघाली. तंत्र आणि यंत्रे विलायतेहून आली आणि जंगपुऱ्याजवळ कारखाना उभा राहिला. परंतु १९५० मध्ये उत्पादन सुरू होताच फलकांत दोष दिसू लागले. ते तडकत, त्यांच्या कडा तुटत. काम थांबवावे लागले, संसदेत टीका झाली, आणि १९५१ मध्ये कोनिग्सबर्गर भारत सोडून लंडनला गेले. कारखाना मात्र वाया गेला नाही. मालकीत फेरबदल होऊन तेथे इतर काँक्रीटकाम होऊ लागले आणि हिंदुस्थान प्रीफॅब या नावाने तो दिल्लीकरांच्या परिचयाचा झाला.

घाई माणसांना होती आणि ती योग्यच होती. तंबूत राहणाऱ्याला धीर धरा असे कोण सांगणार? परंतु काँक्रीटला माणसांची निकड समजत नाही. काँक्रीट वाळले म्हणजे पक्के झाले, असे आपण सारे समजतो. ती चूक आहे. काँक्रीट वाळून पक्के होत नाही. सिमेंट आणि पाणी यांचा संयोग होऊन ते पक्के होते, आणि तो संयोग पुरा होण्यापूर्वी पाणी उडून गेले तर ते पोटातून कच्चे राहते. कोरड्या वाऱ्यात आणि कडक उन्हात नेमके हेच घडते. ओतल्यावर काही तासांतच पृष्ठभागावर बारीक तडे उमटतात. म्हणून चाळीस अंशांवरच्या हवेत करावयाच्या कामासाठी भारतीय मानक संस्थेने १९७५ मध्ये स्वतंत्र नियम केले : खडी सावलीत ठेवावी, पाणी थंड असावे, काम पहाटे किंवा रात्री उरकावे. ओलावा किती दिवस टिकवावा, याचेही मानक आहे. साध्या पोर्टलंड सिमेंटला किमान सात दिवस, उष्ण व कोरड्या हवेत दहा. मिश्र सिमेंटला दहा आणि चौदा. गवंडी स्लॅबवर मातीची किंवा मसाल्याची आळी करून पाणी साठवतात ते उगीच नव्हे.

आता माळवदाची बाजू. चार-पाच इंचांच्या स्लॅबातून दुपारचे ऊन सुमारे तीन तासांत खाली उतरते. फूट-दोन फूट पांढऱ्या मातीचे माळवद त्याला रात्र होईपर्यंत थोपवून धरते. आमच्या सहकाऱ्यांना लहानपणीची दुपारची गार झोप आठवते ती खोटी नव्हे. परंतु ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट कोण विसरेल? किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली. लातूर-उस्मानाबादकडील गावांत, मातीत रचलेल्या दगडी भिंती कोसळल्या आणि त्यांच्यावरचे ते थंड, जड धाबे झोपलेल्या माणसांवर आले. त्यानंतर त्या भागातील माणसाने सपाट स्लॅबचा हट्ट धरला तर त्याला अडाणी म्हणण्याचा अधिकार शहरातल्या वारसाप्रेमींना नाही. जुने ते गार होते, पण ते साऱ्यांना जिवंत ठेवू शकले नाही. नवे ते उभे राहील, पण उन्हाळ्यात झोप देणार नाही. पेच आहे तो हाच.

या पेचाचे उत्तर शोधण्यात कोनिग्सबर्गर यांचे उर्वरित आयुष्य गेले. लंडनच्या आर्किटेक्चरल असोसिएशनमध्ये १९५४ साली उष्ण कटिबंधातील वास्तुकलेचा अभ्यासक्रम निघाला, आणि १९५७ पासून त्याची धुरा त्यांच्याकडे आली. त्यांचे सहकारी कार्ल महोनी यांच्या नावाने ओळखले जाणारे तक्ते तेथूनच जगभर गेले. गावाचे दरमहाचे तापमान, आर्द्रता व पाऊस तक्त्यात भरावयाचे आणि घर कसे हवे ते वाचावयाचे, अशी ती सोय. दमट प्रदेशाला तक्ता सांगतो : घर लांबट, मोकळे, वारा आरपार जाईल असे. उष्ण-कोरड्या प्रदेशाला सांगतो : चौकाभोवती दाटीने बांधलेले, जाड भिंतींचे, लहान खिडक्यांचे; छप्पर असे की ऊन आत यावयास आठ तास लागावेत. वाचता वाचता आम्हांस आमच्या आजोळचा वाडा दिसू लागला. एकच नकाशा हाती घेऊन साऱ्या देशभर क्वार्टर्स बांधणाऱ्यांनी हा तक्ता टेबलावर ठेवावयास हवा होता.

एक गोष्ट मात्र तक्त्यात नाही : पाणी. विश्वेश्वरय्या मुंबई सरकारच्या नोकरीत असताना, १९०६ साली, त्यांना एडनला पाठविण्यात आले. ते रखरखीत बंदर तेव्हा मुंबई इलाख्याच्या कारभाराखाली होते, आणि काम होते पाणीपुरवठा व मलनिस्सारण यांची योजना आखण्याचे. वाळवंटात वस्ती करणाऱ्याला पहिला प्रश्न घराचा पडत नाही, पाण्याचा पडतो. बंगळूरला तो पडला २०२४ च्या मार्चमध्ये. विंधनविहिरी आटल्या आणि पिण्याचे पाणी बांधकामास वापरल्यास पाच हजार रुपये दंड, असा हुकूम पाणीपुरवठा मंडळाने काढला. बांधकामे प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याकडे वळली. ज्या शहराने उष्ण देशांच्या वास्तुगुरूला घडविले, त्याच शहरात काँक्रीट भिजवावे की माणसांनी प्यावे, असा प्रश्न उभा राहिला.

सहकाऱ्यांना आम्ही जे कळविले ते थोडक्यात असे : माळवद उतरवा, त्याच्या ओझ्याखाली नातवंडांना निजवू नका. स्लॅब जाणत्या अभियंत्याकडून, भूकंपाचा विचार करून घ्या. वैशाखात टाकू नका. पावसाळा सरल्यावर, विहिरीला पाणी असताना टाका. चौदा दिवस आळ्यांतले पाणी आटू देऊ नका. वर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवा, म्हणजे ऊन बरेच परत जाईल. चौक मात्र मोडू नका.

गेल्या कार्तिकात त्यांचा स्लॅब पडला. मुलाला कामावर परत जावयाचे होते, म्हणून दहाव्या दिवशीच आळी मोडावी असे घरात ठरत होते; पण हे ऐकेनात. उरलेले चार दिवस, वयाची साठ वर्षे पूर्ण झालेले हे गृहस्थ सकाळ-संध्याकाळ स्वतः नळी घेऊन शिडी चढत होते, असे त्यांच्या पत्नीने आम्हांस फोनवर, काहीशा तक्रारीच्या सुरात सांगितले. पहिला उन्हाळा अजून यावयाचा आहे. तो कसा गेला ते कळविण्याचे त्यांनी कबूल केले आहे.