कॉक लेनचे भूत आणि त्याची चौकशी

भुताच्या गोष्टी सांगणारे पुष्कळ. परंतु जेथे भूत आहे असे म्हणतात तेथे रात्री जाऊन बसणारे थोडे. अशा हौशी शोधकांचा इतिहास अडीचशे वर्षांहून जुना आहे आणि त्यातले फार गाजलेले प्रकरण लंडनचे आहे. भूत खरे की खोटे, हा प्रश्न त्या प्रकरणात तसा लवकर निकाली निघाला. आम्हाला विचार करावासा वाटतो तो चौकशी कशी झाली आणि तिचा भार कोणावर पडला याचा.

लंडनच्या स्मिथफील्ड भागात कॉक लेन नावाचा एक बोळ आहे. 1759 साली तेथे रिचर्ड पार्सन्स हा सेंट सेपल्कर चर्चमधला कारकून बायकामुलांसह राहत असे. उत्पन्न तुटपुंजे, त्यात दारूची सवय. त्याने विल्यम केंट आणि फॅनी लाइन्स यांना खोली भाड्याने दिली. दोघे नवराबायकोसारखे राहत, पण त्यांचे लग्न लागलेले नव्हते. फॅनी ही केंटच्या वारलेल्या बायकोची बहीण, आणि मेव्हणीशी लग्न करण्यास तिथल्या धर्मकायद्याची बंदी. आपल्याकडे बहिणीच्या मागे बहीण त्याच घरी देण्याची रीत किती जुनी, आणि तिकडे तेच पाप! असो. केंटने हे गुपित घरमालकाला सांगितले आणि त्याला 12 गिन्यांचे कर्जही दिले. दरमहा एक गिनी फेडायची, अशी बोली होती. पार्सन्सने पैसे फेडले नाहीत. केंटने फिर्याद लावली. भूत गोष्टीत येण्यापूर्वी हा हिशेब ध्यानात ठेवलेला बरा.

केंट एकदा परगावी लग्नाला गेला असताना फॅनीने सोबतीला पार्सन्सची लहान मुलगी एलिझाबेथ हिला आपल्याजवळ निजवले. रात्री ओरखडल्याचे, ठोकल्याचे आवाज येऊ लागले. शेजारचा चांभार रात्री काम करतो, त्याचा तो आवाज, असे घरची बाई म्हणाली. पण रविवारी, चांभाराचे काम बंद असतानाही, आवाज आलेच. पुढे ते जोडपे दुसरीकडे राहावयास गेले आणि 2 फेब्रुवारी 1760 रोजी फॅनी देवीच्या रोगाने वारली.

1762 च्या जानेवारीत त्या आवाजांनी लंडन गाजवले. आता ते एलिझाबेथच्या बिछान्याभोवती येत. ती तेव्हा बारा वर्षांची होती. जॉन मूर नावाच्या धर्मोपदेशकाने भुताशी बोलण्याची रीत बसवली : एक ठोका म्हणजे होय, दोन म्हणजे नाही. ठोक्यांतून निघाले ते असे, की आपण फॅनी आहोत, केंटने आपल्याला सोमल घालून मारले आणि त्याला फाशी व्हावी. श्रोत्यांनी हे नीट पाहावे. ऋणकोच्या घरात, ऋणकोच्या मुलीच्या बिछान्यातून, सावकाराला फासावर चढवण्याची मागणी होत होती. आणि ती थट्टा नव्हती. त्या काळच्या इंग्लंडात खुनाची शिक्षा फाशीच होती. बोळात पाय ठेवायला जागा उरली नाही. राजाचा भाऊ ड्यूक ऑफ यॉर्क येऊन गेला, लेखक होरेस वॉल्पोल येऊन गेला, आसपासच्या गुत्त्यांचा धंदा तेजीत आला.

अखेर क्लार्कनवेलचे धर्मगुरू आल्डरिच यांनी चौकशीसाठी काही मंडळी जमवली. त्यांत कोशकार डॉ. सॅम्युएल जॉन्सन होते, एक वैद्य होते, प्रसूतिगृहाच्या मेट्रनबाईही होत्या. ही मंडळी भूतविद्येची तज्ज्ञ नव्हती. पण त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. मुलीला तिच्या घरातून हलवून आल्डरिच यांच्या घरी आणले. 1 फेब्रुवारीच्या रात्री बायकांनी तिला निजवले आणि सगळे वाट पाहत बसले. आवाज आले, पण मुलीचे हात पांघरुणाबाहेर धरताच ते थांबले. फॅनीला क्लार्कनवेलच्या चर्चच्या तळघरात पुरले होते. तेथे आपण शवपेटीवर ठोका देऊ, असे भुताने कबूल केलेले होते. मध्यरात्र उलटल्यावर मंडळी तळघरात गेली. मृताला हाक मारली. काही झाले नाही. मुलीला आवाज काढण्याची काही युक्ती साधली आहे, असा निष्कर्ष जॉन्सननी लिहून प्रसिद्ध केला.

येथे थांबले असते तर बरे झाले असते. पुढे दुसऱ्या एका घरी मुलीचे हातपाय फाकवून तिला झोळीत निजवण्यात आले. ठोके बंद. मग तिला बजावण्यात आले की, आता आवाज आले नाहीत तर तुला आणि तुझ्या बापाला न्यूगेटच्या तुरुंगात टाकू. पोरीने किटली ठेवण्याची लहानशी फळी कपड्यांत लपवली आणि तीवर आवाज काढला. दारात दडून पाहणाऱ्यांनी तिला पकडले. ऐकणाऱ्यांचे म्हणणे पडले की, हा आवाज पूर्वीच्या आवाजासारखा नाही. कारखान्यांतल्या पुष्कळ चौकश्यांत आम्ही कामगाराच्या बाजूने बसलो आहोत. नोकरी जाईल असे धमकावून घेतलेल्या कबुलीजबाबाने चोरी सिद्ध होत नाही. धमकी तेवढी सिद्ध होते. त्या फळीचीही तीच गोष्ट. खरा पुरावा जॉन्सनच्या रात्रीचा होता : हात धरले, आवाज थांबला.

10 जुलै 1762 रोजी गिल्डहॉलमध्ये न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफील्ड यांच्यापुढे खटला चालला आणि आरोपी दोषी ठरले. पार्सन्सला दोन वर्षे कैद आणि तीनदा खोड्यात मान अडकवून चारचौघांत उभे करण्याची शिक्षा झाली. बायकोला एक वर्ष कैद. मूर व त्याच्या एका सोबत्याला केंटला 588 पौंड भरून द्यावे लागले. खोड्यातल्या माणसावर लोक अंडी नि दगड मारीत. पार्सन्सवर कोणी मारले नाहीत, उलट त्याच्यासाठी वर्गणी जमवली. एका भुक्कड कारकुनाला सावकाराने कोर्टात खेचले होते, हे त्या गर्दीला समजत असावे असे आम्हाला वाटते.

पुढच्या काळात उपकरणे आली. हॅरी प्राइस या इंग्रज शोधकाने 1937 साली एसेक्समधला बोर्ली रेक्टरी हा वाडा वर्षभर भाड्याने घेतला आणि वर्तमानपत्रात जाहिरात देऊन 48 पहारेकरी गोळा केले. पुढे 1956 साली तिघा संशोधकांनी अहवाल काढला. त्यात संशयाची सुई बरीचशी खुद्द प्राइसकडेच वळली. ज्याचे पुस्तक भुतावर खपते त्याने भुताची चौकशी करावी, हे आम्हाला तरी पटत नाही.

महाराष्ट्रात हे काम वेगळ्या वळणाने झाले. आपल्याकडे घरावर दगड पडतात, दांडीवरचे कपडे पेटतात, अंगावर बिब्याच्या फुल्या उमटतात, आणि गाव म्हणते भानामती. 1989 साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या पुढाकाराने महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी राहिली. दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला, पण समितीचे काम थांबले नाही. तिचे कार्यकर्ते बहुतेक आपला नोकरीधंदा सांभाळून हे काम करणारे. ते तापमापक घेऊन अंधारात बसत नाहीत. घरातल्या एकेका माणसाशी स्वतंत्र बोलतात. घरात कोण दबले आहे, कोणाचे कोणी ऐकत नाही, हे पाहतात. हात घरातल्याच कोणाचा तरी असतो. पुष्कळदा सासरी गांजलेल्या सुनेचा, नाहीतर एखाद्या पोराचा. ते माणूस सापडले की प्रकार थांबवण्याचे वचन त्याच्याकडून घेतात, लागल्यास मानसोपचाराची सोय करतात. मात्र त्याचे नाव गावात सांगत नाहीत. गावकरी नावासाठी हटून बसतात, तरीही सांगत नाहीत.