पैठणचं पत्र आणि नेवाशाचा खांब

वाचकहो, आज निरूपणाचा अभंग घटकाभर बाजूला ठेवू आणि यात्रेला निघू. तुमच्यापैकी पुष्कळजण पैठणला जाऊन आलेले असतील. काय पाहिलंत म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं. नाथांची समाधी पाहिली, धरण पाहिलं, बागेत पोरं खेळली आणि घरच्यांनी पैठणी घेतली. वाईट नाही हो. पण महाराज, ज्या मातीवर उभे राहून तुम्ही फोटो काढला, ती माती किती जुनी आहे ते एकदा ऐका.

पैठण म्हणजे प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं 'पेरिप्लस' नावाचं एक ग्रीक प्रवासवर्णन आहे, त्यात पैठणचं नाव येतं. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर हे शहर, आणि इथून मौल्यवान दगड गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून बंदराकडे जातात, असं तो लिहितो. इथल्या बैलाच्या घुंगरांचा आवाज रोमच्या व्यापाऱ्यापर्यंत पोचत होता म्हणा ना!

राज्य गेलं, पण विद्या राहिली. दक्षिण काशी म्हणून नाव झालं. धर्मनिर्णय हवा तर पैठणला जा. आणि इथंच आपल्या कथेला गाठ बसते. संन्याशाची पोरं म्हणून आळंदीनं चार भावंडांना दूर लोटलं आणि सांगितलं, पैठणहून शुद्धिपत्र आणा. परंपरा सांगते की नागघाटावर ज्ञानोबांनी रेड्यामुखी वेद वदवले, तेव्हा कुठं पंडित नरमले. त्या पत्रावर अभ्यासक वाद घालतात, त्यांना घालू द्या. मला वेगळंच टोचतं. आईबाप गमावलेली पोरं, त्यात मुक्ताई तर एवढीशी, आणि त्यांना चालत पाठवायचं कशासाठी? तर एका कागदासाठी! एवढ्या मोठ्या, एवढ्या शहाण्या नगरीत त्यांना आधी पाणी कुणी विचारलं असेल का हो?

तिथून भावंडं निघाली ती प्रवरेकाठी नेवाशाला आली. आता तुम्हीही तिकडे या. इथं धरण नाही, बाग नाही. तालुक्याचं साधं गाव, बाजाराचा दिवस सोडला तर शांत. मोहिनीराजाचं देऊळ आहे, तिथं विष्णूचं मोहिनीरूप पुजलं जातं, ते अवश्य पाहा. गावाजवळच्या लाडमोड टेकडीवर १९५४ पासून डेक्कन कॉलेजच्या सांकलियांनी उत्खनन केलं. खाली खाली जात ताम्रपाषाणयुगातली वस्ती सापडली, लहान लेकरांना मातीच्या रांजणांत ठेवून पुरलेलं सापडलं. तीन हजार वर्षांपूर्वीची आई, पण लेकरू घराच्या जमिनीखालीच ठेवलं, लांब नेलं नाही.

आणि मग पैसाचा खांब. मंदिर नंतरचं, खांब आधीचा. खांबावर कोरीव लेख आहे, तो करवीरेश्वराच्या दिव्याला तेल मिळावं म्हणून दिलेल्या दानाचा. या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० ला, गीता मराठीत सांगितली, सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली. देवगिरीवर रामदेवराव राज्य करीत होता. बरं का, त्यानंतर सहाच वर्षांनी, १२९६ ला अल्लाउद्दीन देवगिरीवर चालून आला. म्हणजे घर पेटायच्या आधी कुणीतरी दागिना बाहेर काढून ठेवावा, तसं झालं.

पण पोथी हातानं उतरायची. एक लिहिणारा शब्द चुकतो, दुसरा आपलीच ओवी घुसडतो. तीनशे वर्षांत पाठ बिघडला. तो शुद्ध कुणी केला? पैठणच्याच एकनाथांनी! जुन्या प्रती ताडून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ ला काम पुरं केलं, आणि पुढं कुणी आपलं काही यात मिसळू नये म्हणून बजावूनही ठेवलं. ज्या गावाकडे पोराला शुद्धीचा कागद मागावा लागला, त्याच गावानं ग्रंथानंतर दोनशे चौऱ्याण्णव वर्षांनी त्याची शुद्धी करून दिली. हे कर्ज कुणी वसूल केलं नव्हतं, नाथांनी आपणहून फेडलं.

म्हणून सांगतो, दोन्ही गावं एकाच फेरीत करा, आणि नेवासं आधी करा. खांबापाशी मुकाट अर्धा तास बसा, मोबाईल पिशवीत. मग टोक्याला या. तिथं प्रवरा गोदावरीला मिळते, घाटावर सिद्धेश्वराचं देऊळ आहे. समोर जे पाणी पसरलंय ते १९७६ मध्ये पुरं झालेल्या जायकवाडी धरणाचं, नाथसागराचं. त्याच्या पोटात कितीतरी गावांची शेतं, चावड्या, देवळं गेली, त्यांनाही हात जोडा. नेवाशाच्या खांबाजवळून आलेलं पाणी इथं गोदेत शिरतं आणि नाथांच्या पैठणकडे निघतं. तुम्हीही त्याच बाजूला निघा, समाधीवर सांजआरतीला पोचाल.