क्लिप्शहॉर्न: जुना कर्णा दुरुस्त करताना काय बदलायचं, काय नाही

आज गोष्ट एका स्पीकरची, जो १९४६ पासून आजतागायत बनतोय: क्लिप्शहॉर्न. त्याचे जुने नग अमेरिकेत लोक घरच्या घरी दुरुस्त करतात आणि तिथे एक वाद कायम रंगतो. मूळ रूपात आणायचं, की सुधारायचं?

आधी इतिहास. पॉल विल्बर क्लिप्श हा इंजिनिअर. दुसऱ्या महायुद्धात आर्कान्सामधल्या होप गावाजवळच्या लष्करी चाचणी केंद्रात अधिकारी होता. युद्धानंतर तिथेच राहिला आणि स्पीकर बनवू लागला. त्या काळी घरगुती अॅम्प्लिफायर जेमतेम काही वॉटचे. म्हणजे वॉट वाया घालवणं परवडणारंच नव्हतं.

इथे कर्णा कामाला येतो. आपल्याकडच्या जुन्या ग्रामोफोनवर असायचा ना, तेच तत्त्व. स्पीकरचा पडदा जड आणि हवा हलकी, त्यामुळे उघड्या पडद्याची बरीच ताकद फुकट जाते. कर्ण्याचं तोंड आत अरुंद आणि बाहेर रुंद, त्यामुळे पडद्याला हवेचा नीट भार मिळतो. गाडीच्या गिअरसारखंच समजा.

पण खर्जाची अडचण मोठी. ३५ हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळपास १० मीटर! तेवढा कर्णा घरात कुठे मावणार? क्लिप्शने तो लाकडी पेटीत घडी घालून बसवला आणि शेवटचा भाग म्हणून खोलीच्या कोपऱ्यातल्या दोन भिंतीच वापरल्या. परिणाम बघा: एका वॉटला एक मीटरवर सुमारे १०५ डेसिबल, असा कंपनीचा आकडा. साध्या स्पीकरचा आकडा ८७ धरला तर तेवढ्याच आवाजासाठी त्याला साधारण ६० पट वॉट लागतील.

आता दुरुस्ती. पन्नास वर्षांत नक्की काय म्हातारं होतं? लाकूड शाबूत असेल, तर कर्ण्याचा आकार बदलत नाही. म्हातारे होतात क्रॉसओव्हरमधले कपॅसिटर. जुन्या ‘एए’ प्रकारच्या क्रॉसओव्हरमध्ये १३ आणि २ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर असतात. त्यांचा आतला रोध वाढला की वरचे स्वर मंदावतात आणि मालक म्हणतो, ‘ट्वीटर गेला, नवा घेऊ.’ थांबा! आधी मोजा. त्याच मूल्याचे नवे फिल्म कपॅसिटर लावले की बऱ्याचदा जुनाच ट्वीटर पुन्हा बोलू लागतो.

एक सावधगिरी: तेल भरलेल्या जुन्या डब्या फोडू नका. त्यांत पीसीबी असू शकतं. सर्किट बोर्डवालं नव्हे हं, पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल. विषारी असल्याने अमेरिकेने १९७९ मध्ये त्याच्या उत्पादनावर बंदी घातली.

दुसरं काम फटी बुजवण्याचं. वूफरच्या मागची पेटी हवाबंद हवी आणि स्पीकरच्या कडा भिंतीला घट्ट टेकायला हव्यात. कडेला फोमची पट्टी लावली तरी खर्ज सुधारतो. मधल्या स्वरांचा धातूचा कर्णा टिचकी मारल्यावर घंटेसारखा वाजत असेल, तर त्याला बाहेरून मऊ लेप देतात. हेही हवं तेव्हा काढता येतं.

माझ्या मते वादाचं उत्तर इथेच आहे. आम्ही कोड लिहिताना रोलबॅकची सोय ठेवतो, तोच नियम इथे लावा. जे झिजतं ते बदला, जुने भाग पिशवीत घालून पेटीतच ठेवा. पण नवा ड्रायव्हर बसवण्यासाठी लाकडाला करवत लावली, की परतीची वाट संपली. सत्तर वर्षांपूर्वीचा नग आता नव्याने कुणी बनवणार नाही.

सुधारणा क्लिप्शच्या कंपनीनेही केल्याच. २०१९ च्या आवृत्तीत तिने पेटीची मागची बाजू बंद केली, त्यामुळे आता ती कोपऱ्यात घट्ट बसवावीच लागत नाही. जुन्या नगाला मात्र कोपरा लागतोच. तेव्हा विकत घेण्याआधी स्पीकरइतकाच आपल्या घराचा कोपराही तपासा: दोन्ही भिंती सरळ आहेत ना, मध्ये दार-खिडकी तर नाही ना?