ध्वनिग्रंथातील खुणांची कुळकथा

हिवरखेड हे गाव ज्या वऱ्हाडात वसले आहे, त्याच वऱ्हाडात १८८१ साली जन्मलेले आणि तान्हेपणीच दृष्टीस मुकलेले गुलाबराव महाराज इतरांच्या मुखाने ग्रंथ ऐकत, आणि उण्यापुऱ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात शंभरांहून अधिक ग्रंथ सिद्ध करून ‘प्रज्ञाचक्षू’ या बिरुदास पात्र झाले. त्यांच्या स्मरणशक्तीची थोरवी सर्वमान्य आहे. परंतु वाचून दाखवणारा मनुष्य समोर असला म्हणजे ऐकणाऱ्यास ‘मागचा अध्याय पुन्हा काढ’, ‘ही टीप सोडून दे’ असे फर्मावण्याची जी मुभा असते, तिचेही मोल मला थोडके वाटत नाही. त्या मुभेमुळेच श्रोता हा वाचक ठरतो.

मनुष्याची जागा यंत्राने घेतली, तेव्हा नेमकी हीच मुभा गेली. १९३४ साली अमेरिकेत आणि १९३५ साली इंग्लंडात अंधांसाठी बोलक्या पुस्तकांच्या तबकड्या निघाल्या. इंग्लंडातील तबकडी मिनिटाला अवघे चोवीस फेरे घेई आणि तिच्या एका बाजूवर सुमारे पंचवीस मिनिटांचे वाचन मावे. हवे ते प्रकरण गाठायचे तर सुई उचलून अदमासाने दुसरीकडे टेकवायची, एवढाच उपाय. पुढे कॅसेट आली, वाचन लांबले, आणि वाट सापडणे अधिकच दुर्घट झाले. तेव्हा योजलेली युक्ती मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते: प्रकरणाच्या किंवा पृष्ठाच्या आरंभी इतक्या खालच्या पट्टीचा एक स्वर मुद्रित करावयाचा, की सावकाश ऐकताना त्याची बाधा होऊ नये; आणि फीत वेगाने पुढे पळवली की तोच स्वर उंचावून स्पष्ट ‘बीप’ ऐकू यावा. आजच्या खुणांचे मूळ पुरुष हेच स्वर होत.

स्वीडनच्या बोलक्या पुस्तकांच्या ग्रंथालयाने १९८८ च्या सुमारास संगणकीय ध्वनिग्रंथाचा विचार आरंभला, आणि १९९६ साली अनेक देशांतील अशा ग्रंथालयांनी एकत्र येऊन ‘डेझी’ पद्धतीसाठी संघ स्थापला. या पद्धतीत शीर्षकांच्या सहा पायऱ्या असतात. भाग, प्रकरण, उपप्रकरण अशा क्रमाने वाचक उतरतो, छापील पृष्ठाचा क्रमांक देऊन थेट तेथे पोहोचतो, तळटिपा वगळूही शकतो. जुन्या अकोला–खांडवा मीटरगेज मार्गावर अडगाव, हिवरखेड, वान रोड या स्थानकांच्या पाट्या नसत्या तर प्रवाशाची जी गत झाली असती, तीच खुणांवाचून या वाचकाची होते.

या खुणा घालण्याचे काम बव्हंशी स्वयंसेवक करतात, आणि ते केवळ हस्तकौशल्याचे नाही. ठळक अक्षरांतील ओळ हे उपशीर्षक आहे की लेखकाने भर देण्यासाठी केलेली योजना, याचा निवाडा ग्रंथ समजल्यावाचून करता येत नाही. पृष्ठाची खूण एका परिच्छेदाने चुकली, तर वर्गात इतर मुले एका पानावर आणि अंध विद्यार्थी दुसऱ्या पानावर, असा प्रसंग ओढवतो. मराठीत तर अडचण दुहेरी आहे. पानांच्या छायाचित्रांतून यंत्राने ओळखलेली जोडाक्षरे आधी तपासून घ्यावी लागतात. आणि सार्थ ज्ञानेश्वरीसारख्या ग्रंथात अध्यायाची खूण सहज घातली, तरी अभ्यासकाला हवी असते ती ओवी, आणि ओवी कोठे संपली व अर्थ कोठे सुरू झाला हे जाणत्या माणसानेच दाखवावे लागते.

कायद्याची वाट आता मोकळी आहे. २०१२ च्या दुरुस्तीने भारताच्या प्रताधिकार कायद्यात अंधांसाठी अशा प्रती करण्यास सवलत मिळाली, २०१४ साली त्याच हेतूच्या आंतरराष्ट्रीय माराकेश करारास मान्यता देणारे भारत हे पहिले राष्ट्र ठरले, आणि २०१६ च्या ऑगस्टात ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. छापील मजकुरावर खुणा घालण्यास ध्वनिमुद्रणाची खोली लागत नाही. संगणक, मूळ ग्रंथ आणि नेटकी दृष्टी एवढ्यावर ते हिवरखेडात बसूनही होते, आणि जन्मभर मुलांना मराठी शिकवून निवृत्त झालेल्या वऱ्हाडातील शिक्षकांइतका या कामाचा अधिकार दुसऱ्या कोणाचा असेल असे मला वाटत नाही.