चुन्याचा पिच्छा पुरवणारं रसायन

कापड रंगवणाऱ्यांचा जुना वैरी म्हणजे पाण्यातला चुना, म्हणजेच कॅल्शियम. ते रंगाशी संधान बांधतं आणि कापडावर डाग उठतात. त्याला आवरायला सायट्रिक अ‍ॅसिड वापरत. पण १९३०च्या दशकातल्या जर्मनीला आयातीवरची भिस्त कमी करायची होती. आय. जी. फार्बेन कंपनीतल्या फर्डिनांड म्युंझने १९३५मध्ये पर्याय शोधला: ईडीटीए. धातूच्या एका अणूला हा रेणू सहा ठिकाणी धरतो, खेकड्याने नांग्यांत धरावं तसा.

पुढे झुरिकच्या गेरोल्ड श्वार्त्सनबाखने याच पकडीचं मोजमाप केलं. प्रयोगशाळेत पाण्याचा जडपणा मोजताना लालसर द्रावण एका थेंबासरशी निळं होतं, ती पद्धत त्याचीच.

आज साबणाच्या वेष्टनावर ‘टेट्रासोडियम ईडीटीए’ वाचायला मिळतं. रक्ततपासणीच्या जांभळ्या बुचाच्या नळीतही ईडीटीएचाच एक क्षार असतो. कॅल्शियमशिवाय रक्त गोठत नाही, म्हणून ईडीटीए ते अडकवून ठेवतं. या नळीतलं रक्त चुकून कॅल्शियमच्या तपासणीला गेलं, तर धडधाकट माणसाचाही अहवाल धडकी भरवणारा येतो!

शिसं अंगात भिनलेल्या रुग्णांना हे औषध १९५०च्या दशकापासून देतात, पण त्याची पकड आधीच कॅल्शियमने भरून. शरीरात गेल्यावर ते कॅल्शियम सोडून शिसं धरतं आणि लघवीवाटे बाहेर पडतं. कॅल्शियम न भरलेलं सोडियमचं ईडीटीए शिरेतून दिलं, तर ते रक्तातलंच कॅल्शियम ओढतं आणि हृदय थांबू शकतं. अमेरिकेत २००३ ते २००५ या काळात अशा उपचारांनंतर तिघे दगावले. त्यांत दोन मुलं होती. या दोन्ही औषधांच्या बाटल्यांवरची नावं इतकी सारखी ठेवणं हा माझ्या मते शुद्ध निष्काळजीपणा होता.

आपल्याकडे हे रसायन कृषी सेवा केंद्रात ‘चिलेटेड’ या नावाने भेटतं. उसावर केवडा पडला, पानं पांढुरकी झाली, की लोह कमी पडलंय असं समजायचं. पण चुनखडीच्या रानात लोहाचं ईडीटीए मातीत टाकून फारसा उपयोग नाही. तिथे ते लोह सोडतं आणि कॅल्शियम धरून बसतं. म्हणून ते पानांवर फवारायचं.