एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, पुनःसंयोजित मानवी

पेशींना वाढीचा व विभाजनाचा संदेश देणारे एक लहान प्रथिन. संक्षेपाने ईजीएफ, मराठीत अधिचर्म वृद्धी घटक असेही म्हणतात. मानवी ईजीएफचे जनुक ई. कोलाय जीवाणूत किंवा यीस्टमध्ये घालून हे प्रथिन तयार केले की त्याला पुनःसंयोजित मानवी ईजीएफ म्हणतात.

शोध : अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोहेन यांनी उंदरांच्या जबड्याखालील लाळग्रंथीचा अर्क नवजात पिल्लांना टोचला, तेव्हा त्यांचे डोळे नेहमीपेक्षा कितीतरी दिवस आधी उघडले आणि पुढचे दातही लवकर आले. या परिणामामागचे प्रथिन त्यांनी १९६२ मध्ये वेगळे केले. मानवी ईजीएफ १९७५ मध्ये मूत्रातून मिळाले. कोहेन आणि रिता लेव्ही-मोंताल्चिनी यांना वृद्धी घटकांच्या शोधासाठी १९८६ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

रचना व कार्य : हे प्रथिन ५३ ॲमिनो अम्लांचे असून त्याचा रेणुभार सुमारे ६,२०० डाल्टन आहे. त्यातील ६ सिस्टीन एकमेकांशी ३ डायसल्फाइड बंधांनी जोडलेली असतात. बंधांच्या जोड्या चुकल्या, तर रेणूचा आकार बिघडतो आणि संदेश पोहोचत नाही. म्हणून जीवाणूंकडून प्रथिन मिळाल्यावरही त्याची घडी नीट बसली आहे की नाही हे तपासावे लागते. ईजीएफ पेशीपटलावरील ग्राहीला चिकटते, दोन ग्राहींची जोडी जमते व त्यांच्या आतल्या भागातील टायरोसीन कायनेज कार्यान्वित होते. तेथून रास-मॅपके व पीआय३के-एकेटी या मार्गांनी संदेश केंद्रकापर्यंत जातो.

उपयोग : त्वचेच्या केराटिनपेशी, चेतामूलपेशी आणि आतड्याचे ऑर्गनॉइड वाढवताना संवर्धन माध्यमात ईजीएफ मिसळतात. मात्रा सहसा दर मिलिलिटरला ५ ते ५० नॅनोग्रॅम एवढीच असते. जास्त मात्रेने वाढ जास्त होईलच असे नाही. ए-४३१ या कर्कपेशींवर ईजीएफचे ग्राही प्रचंड संख्येने असतात आणि त्यांची वाढ अधिक ईजीएफने उलट खुंटते. प्रत्येक पेशीप्रकारासाठी योग्य मात्रा प्रयोगानेच ठरवावी लागते.

हे प्रथिन शुष्क भुकटीच्या रूपात मिळते. द्रावण केल्यावर त्याचे छोटे भाग करून गोठवावेत. वारंवार गोठवणे-वितळवणे टाळावे. जीवाणूंपासून बनवलेल्या प्रथिनात एंडोटॉक्सिन राहिल्यास पेशींचा प्रतिसाद बदलतो, त्यामुळे त्याचे प्रमाण पाहूनच कुपी वापरावी.

वैद्यक : मधुमेही पायाच्या जखमांवर क्यूबात ईजीएफचे इंजेक्शन, तर भारतात जेल वापरले जाते. अनेक कर्करोगांत ईजीएफच्या ग्राहीचा संदेश अनिर्बंध चालू राहतो. तो रोखण्यासाठी जेफिटिनिब व सेटुक्सिमॅब ही औषधे देतात. संशोधनासाठी विकले जाणारे ईजीएफ मात्र औषध नव्हे. ते माणसांवर वापरू नये.