यंत्राच्या पोटातील देवमासा

देवमाशाची शिकार आणि मोटारगाडी यांचा काही संबंध आहे असे म्हटले, तर पुष्कळांना ती थट्टा वाटेल. शाळेत आपण मुलांना नेमके उलटे सांगतो. अमेरिकेतले दिवे एके काळी देवमाशाच्या तेलावर जळत. पुढे १८५९ साली पेनसिल्व्हेनियात एडविन ड्रेक याच्या विहिरीला खनिज तेल लागले, रॉकेल स्वस्त झाले आणि देवमासे वाचले. गोष्ट सुटसुटीत आहे, फळ्यावर तीन ओळींत मावते. पण ती अर्धीच खरी आहे. उरलेली अर्धी पाहावयाची, तर अमेरिकेतल्या एखाद्या साध्या गृहस्थाच्या जुन्या मोटारीखाली आपल्याला आडवे व्हावे लागेल.

१९३९ सालच्या अखेरीस जनरल मोटर्स कंपनीने आपल्या ओल्ड्समोबाइल गाडीत ‘हायड्रा-मॅटिक’ नावाची पेटी बसवून दिली. क्लच दाबायला नको, गिअर बदलायला नको. वेग वाढेल तसे गिअर आपोआप बदलत. यातली मूळ युक्ती मात्र मोटारीची नव्हे, जहाजाची. विसाव्या शतकाच्या आरंभी हेर्मान फॉटिंगर या जर्मन अभियंत्याने ती जहाजांसाठी काढली होती. समजायला सोपी आहे. दोन पंखे समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसरासुद्धा हळूहळू फिरू लागतो. आता वाऱ्याच्या जागी तेल घ्या आणि दोन्ही पंखे एका बंद डब्यात घाला, की झाले! इंजिनाची शक्ती चाकांकडे जाते, पण मध्ये लोखंडाला लोखंड जोडलेले नाही.

म्हणजे या पेटीत तेल हे नुसते वंगण नाही. बैलगाडीच्या आसाला आपण वंगण घालतो ते घर्षण कमी व्हावे म्हणून. इथे तेलच शक्ती वाहून नेते, तेलाच्याच दाबाने आतले पट्टे आणि चकत्या आवळल्या जातात, आणि उष्णताही तेलच बाहेर काढते. खरी पंचाईत त्या चकत्यांची. तेल फार बुळबुळीत असेल तर चकत्या घसरत राहतील आणि जळतील. कमी बुळबुळीत असेल तर प्रत्येक गिअर पडताना गाडीला धक्का बसेल. पकड तर हवी, पण ती अलगद हवी. निव्वळ खनिज तेलाला हे साधेना.

ते साधले स्पर्म व्हेल या देवमाशाच्या तेलाने. (मासा म्हणायचा आपला प्रघात, तो खरा सस्तन प्राणी, हे शिक्षकांना सांगायला नकोच.) रसायनशास्त्राच्या दृष्टीने हे तेल आपल्या करडई-शेंगदाण्याच्या तेलासारखे नाही, ते पातळ मेण आहे. धातूला ते चिकटून राहते आणि उष्णता सोसते. गंधकाची प्रक्रिया केलेले हे तेल थोड्या प्रमाणात खनिज तेलात मिसळले, की चकत्यांची पकड हवी तशी बसे. १९४९ साली जनरल मोटर्सने या तेलाचे ‘टाइप ए’ नावाचे प्रमाण ठरवले आणि मग ते डब्यांतून सर्रास विकले जाऊ लागले.

आता त्या गृहस्थाकडे येऊ. युद्धानंतरच्या अमेरिकेत सेकंडहँड गाडी घेणारे पुष्कळ होते, आणि मजुरी वाचवण्यासाठी असली कामे ते घरीच करीत. गाडी थोडी चालवून तेल कोमट करायचे, गाडी भक्कम आधारावर उचलायची, पेटीच्या तळाचे बूच काढायचे आणि खाली पसरट भांडे धरायचे. तेल मुद्दाम लाल रंगवलेले असे, म्हणजे गळती झाली तर ती इंजिनाच्या तेलाची की या पेटीची, हे जमिनीवरच्या डागावरून कळावे. लाल तेलाचा रंग तपकिरी झाला आणि त्याला करपल्याचा वास येऊ लागला, म्हणजे आधीच्या मालकाने हयगय केली असे समजावे! जुनी गाडी घेणाऱ्याला तिचा खरा इतिहास या भांड्यात वाचता येई. पुसायला धागे सुटणारे फडके चालत नसे. एखादा धागा आतल्या बारीक वाटेत अडकला तर सगळे बिघडे. मग नरसाळ्याने नवे तेल ओतायचे, इंजिन चालू ठेवून दांडा एकेका गिअरमधून फिरवायचा आणि मोजपट्टीवर पातळी पाहायची. एवढे करूनही सगळे जुने तेल निघतच नाही. बरेचसे त्या पंख्यांच्या डब्यात राहते.

डब्यात समुद्रातला प्राणी आहे, हे त्या ओतणाऱ्याला बहुधा ठाऊकही नसावे. त्याला दोष कसा द्यावा? तेलाचे चार पैसे वाचवणारा तो संसारी माणूस. पण हिशेब मात्र भयंकर आहे. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत मिळून, शिडाच्या जहाजांतून, सुमारे तीन लाख स्पर्म व्हेल मारले गेले, असा संशोधकांचा अंदाज आहे. तेवढेच पुन्हा १९०० ते १९६२ या काळात. आणि त्यापुढचे तीन लाख अवघ्या दहा वर्षांत, १९७२ पर्यंत! म्हणजे रॉकेल आल्यानंतरची शिकार आधीपेक्षा मोठी. डिझेलची बोट आणि फुटणारा भाला यांनी ती सोपी केली. याला एकटी मोटार कारण नव्हती. कातडे कमावणे, इतर यंत्रांची वंगणे, साबण, सौंदर्यप्रसाधने अशी अनेक गिऱ्हाइके होती. पण खनिज तेलाने देवमासे वाचवले, हे वाक्य फळ्यावर लिहिताना हात थोडा थांबावा, एवढे हे आकडे पुरेसे आहेत.

थांबवले ते कायद्याने. १९७० साली अमेरिकेने स्पर्म व्हेलसह मोठे देवमासे नष्ट होऊ घातलेल्या प्राण्यांच्या यादीत घातले आणि त्यांच्या तेलाची आयात बंद पडली. कॅलिफोर्नियात रिचमंड येथे देवमासे कापण्याचे अमेरिकेतले शेवटचे केंद्र होते, तेही १९७१ साली बंद झाले. आता रसायनतज्ज्ञांची धावपळ उडाली. नवे ‘डेक्स्रॉन-दोन’ तेल आले, तर त्याच्या एका आरंभीच्या प्रकाराने तेल थंड करणाऱ्या भागातला डाखच खाल्ला. ते पुन्हा सुधारावे लागले. वाळवंटात वाढणाऱ्या होहोबाच्या बियांचे तेलही देवमाशाच्या तेलासारखेच पातळ मेण निघाले. पण मोटारीच्या पेटीत मुख्यतः कृत्रिम रसायनेच टिकली. होहोबा गेला सौंदर्यप्रसाधनांकडे. पुढे त्याची लागवड आपल्याकडे राजस्थानातही झाली.

आपल्या किनाऱ्याला या प्राण्याची आठवण होते ती निराळ्या कारणाने. अंबर, ज्याला लोक ‘व्हेलची उलटी’ म्हणतात, ते याच स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होते, आणि त्याच्या चोरट्या विक्रीपायी कोकणात व मुंबई-ठाण्याकडे माणसे पकडली गेल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा व्यापार गुन्हा आहे. किनाऱ्यावर सापडले तरी वनखात्याला कळवावे लागते.

व्यापारासाठी होणारी देवमाशांची शिकार थांबवण्याचा ठराव आंतरराष्ट्रीय आयोगाने १९८२ साली केला आणि तो १९८६ पासून अमलात आला. तोवर मोटारींच्या पेट्यांतले तेल केव्हाच बदललेले होते. रंग मात्र बहुतेक डब्यांत अजून तोच, लाल.